धोबी तलावची झेवियर्स आणि मुंबईतल्या जुन्या कॅथोलिक शाळा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ना फादर, ना शाळेचा कारकून. एका जेझुइट (हे कॅथोलिक फादर कोण, ते प्रश्न ३ मध्ये) शाळेत दहा वर्षं काढलेला, मराठी घरातला माजी विद्यार्थी आहे. प्रवेशाचा मोसम आला की नातेवाईक, सोसायटीतले शेजारी आणि त्यांचे व्याही तेच तेच प्रश्न विचारतात. जुन्या इतिहासाची आवड असलेल्यांची पत्रं वेगळीच. ती उत्तरं इथे एकत्र केली आहेत. मुख्य उदाहरण धोबी तलावच्या सेंट झेवियर्स हायस्कूलचं आहे आणि गरजेप्रमाणे इतर शाळाही येतात. एका शाळेचा प्रवेशाचा नियम दुसरीला लागू पडेल असं समजू नका. शाळेत जाऊन विचारा.

१. झेवियर्स ‘कॉन्व्हेंट’ आहे का?

नाही. कॉन्व्हेंट म्हणजे नन्सचा मठ. मठातल्या सिस्टर्स जी शाळा चालवतात ती कॉन्व्हेंट शाळा आणि ती बहुधा मुलींची असते. वांद्र्याचं सेंट जोसेफ्स कॉन्व्हेंट किंवा फोर्टमधलं कॉन्व्हेंट ऑफ जीझस अँड मेरी ही त्याची उदाहरणं. झेवियर्स जेझुइट फादरांनी मुलग्यांसाठी काढली. तिथे मठ कधीच नव्हता.

मराठीत मात्र या शब्दाने भलतेच पाय पसरले. लग्नाच्या जाहिरातीत ‘कॉन्व्हेंट-शिक्षित वधू पाहिजे’ असं छापणाऱ्याला नन्सशी काही देणंघेणं नसतं. त्याला फाडफाड इंग्रजी हवं असतं. त्यामुळे तालुक्याच्या गावीही दोन खोल्यांच्या बालवाडीवर ‘कॉन्व्हेंट’ची पाटी लागते.

२. नावात ‘सेंट’ आहे, म्हणजे शाळा कॅथोलिकच ना?

तेवढ्यावरून ठरवू नका. ख्रिस्ती शाळांतही पंथ आहेत. मुंबईची कॅथेड्रल आणि पुण्याची बिशप्स या शाळांचं मूळ अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचं. बॉम्बे स्कॉटिश आणि विल्सन यांचं मूळ स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन मिशनऱ्यांचं. यातली एकही कॅथोलिक नाही. शिवाय संताचं नाव घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही, त्यामुळे कुठल्याच चर्चशी संबंध नसलेल्या ‘सेंट’ शाळाही भरपूर आहेत.

खात्री करायची तर फीच्या पावतीवरचं संस्थेचं नाव वाचा. मुंबईत चर्चच्या, म्हणजे पॅरिशच्या बहुतेक शाळा आर्चडायोसीझन बोर्ड ऑफ एज्युकेशनखाली येतात. जेझुइट, सालेशियन किंवा सिस्टर्सच्या संघांच्या शाळांचा कारभार त्या त्या संघाच्या संस्था पाहतात.

३. जेझुइट म्हणजे कोण?

इग्नेशियस लोयोला या स्पेनमधल्या बास्क सरदारपुत्राने सोबत्यांसह उभा केलेला धर्मसंघ. पोपने त्याला १५४० मध्ये मान्यता दिली. ज्यांच्या नावाने शाळा आहे ते फ्रान्सिस झेवियर या पहिल्या सोबत्यांपैकी. ते १५४२ मध्ये गोव्यात उतरले आणि १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर वारले. त्यांचा देह जुन्या गोव्याच्या बॉम जेझुस बॅसिलिकात आहे. शाळा काढणं हे जेझुइटांचं मूळ काम नव्हतं. ते त्यांना पुढे चिकटलं आणि मग सुटलंच नाही.

मराठीशी त्यांचं नातं शाळेहून जुनं आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडात जन्मलेले जेझुइटच होते. ‘परदेशी फादरांना मराठीचं काय?’ असं कुणी विचारलं की मी हे नाव पुढे करतो.

४. मग जेझुइट मुंबईत तेव्हापासून सलग आहेत का?

नाही, मधे शंभराहून अधिक वर्षांची खिंड आहे. पोर्तुगीज अमलात वसईच्या किल्ल्यात त्यांचं चर्च आणि विद्यालय होतं. किल्ल्यात फिरताना त्याचे अवशेष आजही दिसतात. वांद्र्याच्या किनाऱ्यावर संत आनाच्या नावाचं मोठं विद्यालय होतं. चिमाजी आप्पांच्या साष्टी-वसईच्या मोहिमेत (१७३७–३९) ते मराठ्यांच्या हाती पडू नये म्हणून पाडून टाकलं. पुढे पोर्तुगालने जेझुइटांना आपल्या मुलखातून हाकललं आणि १७७३ मध्ये पोपनेच संघ बरखास्त केला. १८१४ मध्ये तो पुन्हा सुरू झाला.

मुंबईत ते परतले १८५०च्या दशकात, आणि या वेळी आले ते जर्मन आणि स्विस. वांद्र्याचा रहिवासी ‘आमची शाळा साडेतीनशे-चारशे वर्षं जुनी’ म्हणाला तर तो ही खिंड उडी मारून ओलांडतो आहे असं समजा.

५. झेवियर्स कधी निघाली, आणि का?

१८६९ साली. पण हे साल सुटं पाहिलं तर कळत नाही. वांद्र्याची सेंट स्टॅनिस्लॉस १८६३ ची, माझगावची सेंट मेरीज १८६४ ची, पुण्याच्या कॅम्पातली सेंट व्हिन्सेंट्स १८६७ ची. सहा-सात वर्षांत चार शाळा!

कारणं दोन. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झालं आणि मॅट्रिक ही नोकरीची किल्ली बनली. इंग्रजी शाळांत प्रोटेस्टंट मिशनरी आधीपासून पाय रोवून होते. जॉन विल्सनची शाळा तर १८३२ ची. आपल्या पोरांनी शिकायचं कुठे, हा कॅथोलिकांपुढचा प्रश्न होता. दुसरं कारण सांगायला कुणाला फारसं आवडत नाही. तेव्हाचा मुंबईतला कॅथोलिक समाज श्रीमंत नव्हता. कोळीवाड्यातले आणि गावठाणांतले ईस्ट इंडियन (म्हणजे इथलेच मूळचे कॅथोलिक), गोव्याहून आलेले खलाशी, बटलर, वाजंत्री, पलटणीतल्या आयरिश शिपायांची पोरं, असा तो समाज. सेंट स्टॅनिस्लॉसची सुरुवातच मुळी अनाथ मुलांच्या आश्रमातून झाली. आज जिच्या प्रवेशासाठी आईबाप रात्रभर झोपत नाहीत, ती एके काळी आईबाप नसलेल्यांची शाळा होती.

झेवियर्सचं तसं नव्हतं. ती कोटाच्या वेशीजवळ, शहराच्या मध्यावर निघाली. गिरगाव, भुलेश्वर, काळबादेवी चालत जाण्याच्या अंतरावर. तिथले पारशी, गुजराती आणि मराठी घरचे मुलगे येणार हे उघड होतं आणि ते आलेच. शाळेचा बहुरंगी चेहरा तिच्या पत्त्याने घडवला असं माझं मत आहे.

६. शाळा आणि झेवियर्स कॉलेज एकच का?

जन्म एकाच वर्षी, एकाच जेझुइटांच्या हातून. दोघांची आवारंही पाठीला पाठ लावून आहेत. कॉलेजचं तोंड महापालिका मार्गाकडे, शाळेचं मेट्रो सिनेमाजवळच्या लोकमान्य टिळक मार्गाकडे. टॅक्सीवाले गोंधळतात ते यामुळेच. पण मुख्याध्यापक वेगळे, प्राचार्य वेगळे, प्रवेश वेगळे.

‘शाळेत घातलं की कॉलेजची सीट पक्की ना?’ हा याच प्रश्नाचा उपप्रश्न. अकरावीचा प्रवेश सरकारी केंद्रीय ऑनलाइन प्रक्रियेतून होतो. अल्पसंख्याक आणि इनहाउस (त्याच संस्थेतल्या मुलांचा) कोटा त्या त्या वर्षीच्या नियमांत वाचा. पहिलीच्या फॉर्मवर बारा वर्षांनंतरचा हिशेब मांडू नका.

७. पहिले फादर जर्मन होते, तर भिंतीवरच्या तसबिरींत स्पॅनिश नावं कुठून आली?

पहिल्या महायुद्धामुळे. १९१४ मध्ये लढाई सुरू झाली आणि इंग्रज सरकारच्या लेखी जर्मन फादर एका रात्रीत शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. अहमदनगरला नजरकैदेची छावणी होती. बऱ्याच जर्मनांना तिथे ठेवलं आणि पुढे मायदेशी धाडलं. आदल्या दिवशीपर्यंत भूमिती शिकवणारा माणूस आज पहाऱ्यात! शाळा-कॉलेज चालवायला माणसंच उरली नाहीत. तेव्हा आल्बन गुडियर हे इंग्रज जेझुइट कॉलेजच्या मदतीला आले आणि तेच १९१९ मध्ये मुंबईचे आर्चबिशप झाले. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई मिशनची सूत्रं स्पॅनिश जेझुइटांकडे गेली. कॉलेजातले इतिहासकार फादर हेरास त्याच लाटेतले. १९४३ मध्ये कॅम्पियन शाळा काढणारे फादर जोसेफ सावाल हेही स्पॅनिश.

मग हळूहळू गोवेकर, मंगळूरकर, ईस्ट इंडियन आणि वसईकर फादर आले. १९५० मध्ये व्हॅलेरियन ग्रेशियस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले आणि १९५३ मध्ये भारताचे पहिले कार्डिनल. आज वर्गात शिकवणारे जवळजवळ सगळे प्रापंचिक शिक्षक असतात. फादर एखाद-दुसरे दिसतात.

८. फादर, ब्रदर, रेक्टर, प्रिन्सिपल: कुणाला काय म्हणायचं?

दीक्षा झालेला धर्मगुरू तो फादर. धर्मसंघाचं व्रत घेतलेला, पण धर्मगुरू नसलेला तो ब्रदर. फादर होण्याआधी एक-दोन वर्षं शाळेत काम करायला पाठवलेले तरुण जेझुइट असतात, त्यांनाही मुलं ब्रदरच म्हणतात. खेळाच्या मैदानात झगा खोचून धावणारे बहुधा हेच. रेक्टर हे तिथल्या जेझुइट निवासाचे प्रमुख, प्रिन्सिपल शाळेचे. प्रिन्सिपल फादरच असतील असं नाही. पालकांनी ‘फादर’ किंवा ‘सिस्टर’ म्हणावं, पुढे ‘जी’ किंवा ‘साहेब’ लावायची गरज नाही. माझी आजी आमच्या मुख्याध्यापकांना ‘फादरमहाराज’ म्हणायची आणि त्यांना ते फार आवडायचं.

९. या शाळा खासगी आहेत की सरकारी?

मालकी आणि व्यवस्थापन खासगी. पण खासगीत दोन जाती: अनुदानित आणि विनाअनुदानित. अनुदानित शाळेत शिक्षकांचे पगार सरकार देतं, म्हणून फी कमी असते आणि शिक्षण खात्याचे नियम जास्त. जुन्या बहुतेक कॅथोलिक शाळांचे माध्यमिक वर्ग अनुदानित आणि एसएससी बोर्डाचे आहेत. त्याच इमारतीतली बालवाडी किंवा काही तुकड्या विनाअनुदानित असू शकतात, म्हणून सख्ख्या भावांची फी वेगळी निघते. कॅम्पियन आयसीएसई बोर्डाची आहे. ‘मिशनची शाळा म्हणजे महाग’ आणि ‘मिशनची शाळा म्हणजे रोमहून पैसा’ हे दोन्ही समज सोडून द्या.

एक बारकावा. १९७७ च्या महाराष्ट्र खासगी शाळा कर्मचारी कायद्यात अल्पसंख्याक शाळेचा प्रमुख आणि संस्थेने कळवलेल्या आणखी तीन जणांपर्यंतच्या नेमणुकीला सूट आहे. सेवाज्येष्ठ शिक्षक असूनही एखादे फादर बाहेरून येऊन मुख्याध्यापक होतात ते याच आधारावर. शिक्षकांच्या खोलीत यावरून धुसफूस होते, तीही नवी नाही.

१०. आम्ही हिंदू आहोत. मुलाला प्रवेश मिळेल का?

मिळू शकतो. या शाळांत बिगर-ख्रिस्ती मुलं नेहमीच मोठ्या संख्येने राहिली आहेत. घटनेच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था काढण्या-चालवण्याचा हक्क दिला. कलम २९(२) म्हणतं की सरकारी मदत घेणारी संस्था केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा यांवरून प्रवेश नाकारू शकत नाही. या दोन्हींचा मेळ घालत शाळा साधारण असा क्रम लावते: आधी आपल्या पॅरिशची कॅथोलिक मुलं, मग भावंडं आणि माजी विद्यार्थ्यांची मुलं, मग बाकीचे. जागा मोजक्या असतात आणि नकार बहुधा त्यामुळेच येतो.

आता एक खटला सांगतो, कारण तो कुणाला ठाऊक नसतो. १९५४ च्या जानेवारीत मुंबई सरकारने परिपत्रक काढलं की इंग्रजी माध्यमाच्या शाळांनी अँग्लो-इंडियन आणि बिगर-आशियाई वंशाच्या मुलांखेरीज कुणाला घेऊ नये. हेतू मातृभाषेचा होता. देवळालीच्या बार्न्स शाळेने (ही अँग्लिकन, प्रश्न २ पाहा) ज्यांना दार बंद केलं त्यांतला एक बाप भारतीय ख्रिस्ती मेजर होता आणि दुसरा गुजराती हिंदू डॉक्टर. शाळा आणि दोघे बाप मिळून कोर्टात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने सरकारविरुद्ध निकाल दिला आणि त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. तो निकाल उलटा लागता तर झेवियर्सच्या वर्गातले पाटील, शाह आणि परेरा एका बाकावर आले नसते. माझ्यासारख्याचं तर नावच हजेरीपटावर चढलं नसतं.

११. आरटीईच्या २५ टक्के जागा या शाळांत का नसतात?

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात खासगी शाळांनी पहिल्या वर्गात दुर्बल घटकांसाठी २५ टक्के जागा ठेवण्याची तरतूद आहे. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना त्यातून वगळलं. २०१४ च्या ‘प्रमती’ निकालाने अनुदानित असोत वा विनाअनुदानित, सगळ्याच अल्पसंख्याक शाळांना हा कायदा लागू नाही असं ठरवलं. सप्टेंबर २०२५ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने ‘प्रमती’बद्दल शंका व्यक्त करून प्रश्न मोठ्या पीठाकडे नेण्यासाठी सरन्यायाधीशांपुढे ठेवला. तेव्हा हे उत्तर पुढे बदलू शकतं.

माझं मत विचाराल तर ज्या संघाने अनाथांपासून सुरुवात केली त्याने कोर्टाच्या सवलतीआड उभं राहू नये. काही शाळा गरीब मुलांना स्वतःहून फीमाफी देतात. पण ती त्यांची मर्जी असते, मुलाचा हक्क नसतो.

१२. आम्ही प्रोटेस्टंट आहोत. / आमच्यात एकच पालक कॅथोलिक आहे. ख्रिस्ती कोटा मिळेल?

कायद्याच्या कागदावर अल्पसंख्याक म्हणजे ‘ख्रिस्ती’. त्यात मराठी मिशनचा प्रोटेस्टंटही आला आणि केरळचा सिरियन ख्रिस्तीही. पण शाळेचा अग्रक्रम पॅरिशवर चालतो आणि पॅरिश कॅथोलिकांची. त्यामुळे प्रोटेस्टंट कुटुंबाचा नंबर कॅथोलिकांनंतर, पण इतरांच्या आधी लागतो असा माझा अनुभव आहे.

मिश्र विवाहात विचारलं जातं ते मुलाचं. त्याचा बाप्तिस्मा झाला असेल तर दाखला आणि पॅरिश प्रीस्टचं पत्र जोडा. ‘प्रवेशापुरता बाप्तिस्मा करून घेऊ का?’ असंही विचारणारे भेटतात. फादर रविवारी तुम्हाला मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, पाहिलंय का, एवढंच विचारतील. तिथेच सगळं उघडं पडतं.

१३. बायबल सक्तीचं असतं का? धर्मांतर करतात का?

रोख विचारता, तर रोख सांगतो. दहा वर्षांत मला कुणी ‘ख्रिस्ती हो’ म्हटलं नाही. वर्गातल्या कुणालाच म्हटल्याचं आठवत नाही. कॅथोलिक मुलांचा कॅटेकिझमचा, म्हणजे धर्मशिक्षणाचा, तास वेगळा व्हायचा आणि त्या वेळी आम्हाला मॉरल सायन्स असायचं. त्यात खरं बोला, रांगेत उभे राहा आणि डबा वाटून खा, एवढंच. सकाळच्या प्रार्थनेत ‘अवर फादर’ असायची आणि ती मला अजून पाठ आहे, जशी शेजारच्या डिसोझाला ‘सुखकर्ता दुःखहर्ता’ पाठ आहे.

कायदा असा: कलम २८(३) प्रमाणे सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. तुमचा आक्षेप असेल तर लेखी द्या. भांडायला जायची वेळ येत नाही.

१४. मराठी शिकवतात का? मुलगा मराठी विसरेल का?

शिकवावीच लागते. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांना पहिली ते दहावी मराठी सक्तीची आहे. एसएससीच्या शाळांत ती त्याआधीही होतीच.

विसरण्याचा प्रश्न वेगळा आहे. आमच्या शाळेत (नाव घेत नाही) मराठी बोलताना सापडलं की चार आणे दंड होता. ज्या सरांकडे दंडाचा डबा होता ते स्वतः वसईचे होते आणि घरी चौकोनी कुटुंबात अस्सल कादोडी, म्हणजे वसईची बोली, बोलायचे! त्या चार आण्यांचा राग माझ्या मनात अजून आहे. पण भाषा गेली नाही, कारण घरात पेपर मराठी येत होता. मुलाची मराठी शाळेच्या भरवशावर टाकली तर कुठल्याही इंग्रजी शाळेत ती जाईल, मग ती फादरांची असो की देशमुखांची.

१५. मराठी माध्यमाच्या कॅथोलिक शाळा असतात का?

असतात, आणि हे ऐकून मुंबईकर चकित होतात. वसईत चर्चला लागून मराठी शाळा आहेत, कारण तिथला कॅथोलिक माणूस मराठीच आहे. उस्मानाबादच्या २०२० मधल्या ९३व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याच मातीतले. नगर जिल्ह्यात जेझुइट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आहेत. तिथे त्यांनी दलित आणि शेतकरी मुलांसाठी शाळा आणि बोर्डिंगं काढली. संगमनेरचं ज्ञानमाता विद्यालय हे नाव त्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. ‘कॉन्व्हेंट’ म्हटल्यावर जे चित्र डोळ्यांपुढे येतं, त्यात हे विद्यालय कुठेच बसत नाही.

१६. शाळेतला दिवस कसा असतो?

घंटा, असेंब्ली, प्रार्थना, राष्ट्रगीत. हातात ‘कॅलेंडर’ नावाची छोटी वही. तिच्यात नियम, प्रार्थना, सुट्ट्या आणि मागच्या पानांवर उशिरा आल्याचे शेरे, त्यांखाली बापाची सही (किंवा बापासारखी सही). चार रंगांची चार हाउसेस. जुन्या जेझुइट शाळांत वहीच्या पानाच्या माथ्यावर ‘ए.एम.डी.जी.’ लिहायची रीत होती. ‘देवाच्या अधिक गौरवासाठी’ या अर्थाच्या लॅटिन शब्दांची ती आद्याक्षरं. माझ्या आजोबांच्या पिढीत वहीवर ‘श्री’ असायचा. बीजगणित दोन्हींना सारखंच दाद देत नाही.

सणांचं सांगायचं तर ३१ जुलैला इग्नेशियस, ३ डिसेंबरला फ्रान्सिस झेवियर. गणपती, दिवाळी आणि नाताळ तिन्हींच्या सुट्ट्या. वांद्र्यात सप्टेंबरात मोत माउलीची जत्रा लागली की वर्गात कुणाचंच लक्ष नसतं. शाळेतल्या इतर दिवसांहून मुलांना जास्त आठवतं ते मैदान. त्याचं प्रश्न १७ मध्ये. छडी आता बंद आहे. आमच्या वेळी ती होती आणि ‘त्यामुळेच घडलो’ म्हणणाऱ्या माजी विद्यार्थ्यांशी मी सहमत नाही.

१७. सचिन-कांबळीच्या ६६४ धावा झाल्या त्या कुठल्या शाळेविरुद्ध?

झेवियर्सविरुद्ध. फेब्रुवारी १९८८, आझाद मैदान, हॅरिस शील्ड या शालेय क्रिकेट स्पर्धेची उपांत्य फेरी. शारदाश्रमच्या २ बाद ७४८ मध्ये सचिन नाबाद ३२६, कांबळी नाबाद ३४९. बिचारे गोलंदाज! त्यांत पुढे भारताकडून खेळलेला साईराज बहुतुलेही होता आणि त्या दिवशी त्याला एकही बळी मिळाला नाही. उत्तरादाखल झेवियर्सचा डाव गडगडला, तोही कांबळीच्याच गोलंदाजीवर.

हा किस्सा सांगणारे पुढचं विसरतात. त्याच झेवियर्सच्या शाळकरी क्रिकेटमधून सुनील गावस्कर आणि मिलिंद रेगे आले. १९६६ मध्ये गावस्कर देशातले सर्वोत्तम शालेय क्रिकेटपटू ठरले. पाच वर्षांनी वेस्ट इंडीजमध्ये पहिल्याच मालिकेत ७७४ धावा. आझाद मैदान शाळेपासून चालत पाच मिनिटांवर आहे, हेही कारणात धरा.

बाकीच्या शाळांचंही थोडं. माटुंग्याच्या डॉन बॉस्कोने (ही सालेशियनांची, जेझुइटांची नव्हे) रवी शास्त्रीच्या कप्तानीखाली १९७७ मध्ये जाइल्स शील्ड जिंकली. सेंट स्टॅनिस्लॉसचं नाव हॉकीसाठी. अथेन्स ऑलिंपिक खेळलेला व्हिरेन रस्किन्हा तिथला. आणि सेंट मेरीजने क्रिकेटपटूंच्या जोडीला झुबिन मेहताही दिला.

१८. माझे पणजोबा १९२०-३० च्या सुमारास तिथे शिकले. नोंद मिळेल का?

हा प्रश्न आता सगळ्यात जास्त येतो, बहुतेक वेळा टोरांटो, लिस्बन किंवा मेलबर्नहून. शाळेचं जनरल रजिस्टर ही कायम जपायची नोंद आहे. त्यात नाव, जन्मतारीख, आधीची शाळा, प्रवेशाची आणि सोडल्याची तारीख असते. लेखी अर्ज करा आणि नातं दाखवणारी कागदपत्रं जोडा. अंदाजे साल द्या, कारण ‘जुन्या काळी’ एवढ्यावर कारकून कपाट उघडणार नाही. आडनावाची स्पेलिंगं तीन-चार तऱ्हांनी शोधायला सांगा. जुन्या रजिस्टरांत एकाच घरातले दोन भाऊ डिसूझा आणि डी’सोझा सापडतात. पान जीर्ण असेल तर फोटो काढू देतीलच असं नाही.

दोन अपवाद लक्षात ठेवा. पोर्तुगीज नागरिकत्वासाठी शाळेचा दाखला पुरत नाही. त्यासाठी १९६१ पूर्वीची गोव्यातली जन्मनोंद लागते आणि ती तिथल्या नागरी नोंदणी कार्यालयात शोधायची. बाप्तिस्म्याची नोंद शाळेत नसतेच, चर्चमध्ये असते. मुंबईत चर्च शोधतानाही सावध राहा. १९२८ पर्यंत इथल्या कॅथोलिकांवर दोन बिशपांची सत्ता होती, काही चर्च पाद्रोआदोखाली, म्हणजे धर्मकारभारातल्या पोर्तुगालच्या हक्काखाली, आणि काही थेट रोमखाली. एकाच मोहल्ल्यातली दोन घरं दोन वेगळ्या चर्चला जात. घराजवळच्या चर्चमध्ये नाव सापडलं नाही तर पुढच्या गल्लीतल्या चर्चमध्ये विचारा. आमच्या एका डिमेलो मित्राला पणजोबा तिथेच सापडले, आणि शेजारच्या ओळीत एक सख्खी पणआत्याही, जिच्याबद्दल घरात कुणी कधी बोललंच नव्हतं.